अळणी भाजी आणि अद्वैत

माझा नवरा भाजीतल्या मिठावरून भांडायचा थांबला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली.

लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि त्या सगळ्या काळात एकही जेवण त्याच्या शेऱ्याशिवाय पार पडल्याचं मला आठवत नाही. तो मूळचा घोटीकडचा, भाताच्या गावचा. सातपूरच्या एका कंपनीत टर्नर. दिवसभर लोखंड केसाएवढ्या फरकानं कातायचं आणि घरी आल्यावर तेच माप माझ्या स्वयंपाकाला लावायचं, अशी त्याची रीत. "माळ्याच्या पोरी, तुझ्या बापाच्या मळ्यात मीठ पिकत नाही म्हणून काटकसर करतेस का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मीही ऐकून घेणारी नव्हते. माझं माहेर मखमलाबादकडचं. आमच्यातल्या बाया बाजारात बसून भाजी विकतात, त्यामुळे उलट उत्तर कसं द्यायचं ते आम्हाला कोणी वेगळं शिकवावं लागत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, तरी घरी जीभ आईचीच. रोज ताटावर खडाजंगी व्हायची आणि जेवण छान पचायचं.

एका संध्याकाळी गवारीच्या भाजीत मी मीठ घालायलाच विसरले. तो जेवला, हात धुतले आणि "छान झाली होती" म्हणाला. नंतर मी घास तोंडात घातला आणि तशीच बसून राहिले. भाजी ठार अळणी होती.

आई म्हणायची, नवरा भांडतोय तोवर तो घरात आहे. मग मी मुद्दाम तपासायला लागले. आठवड्यातून एखाद्या दिवशी त्याच्या वाटची भाजी अळणी काढायची आणि समोर बसून तोंडाकडे बघायचं. तोंडावर काही नाही. मुकाट्यानं जेवायचा, उठायचा. त्यातच गुरुवारी आणि रविवारी त्याला घरी यायला उशीर व्हायला लागला. कुठे गेला होतात म्हणावं, तर "जरा काम होतं." कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि अशा वेळी कुठल्याही बाईला जे सुचेल तेच मला सुचलं.

एका रविवारी मी रिक्षा केली आणि त्याच्या स्कूटरमागे निघाले. स्कूटर गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका बैठ्या बंगल्यासमोर थांबली. व्हरांड्याबाहेर चपला पडल्या होत्या, त्यात बायकांच्या जास्त. मी पदर खोचला आणि सरळ आत गेले.

बाईच निघाली, पण सत्तरीची. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर उघडं पुस्तक. संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. समोर सतरंजीवर वीसेक माणसं. त्यात माझा नवरा. मला बघून तो दचकलासुद्धा नाही. थोडा सरकला आणि त्यानं शेजारी जागा करून दिली. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याच्या त्या न दचकण्याचाच मला जास्त राग आला. चोरी पकडली की चोरानं निदान घाबरावं तरी.

बाई विचारत होत्या, हा हात कुणाचा? माझा. डोकं कुणाचं? माझं. मन? तेही माझंच. मग ज्याचं हे सगळं आहे तो मी कोण? माणसं डोळे मिटून बसली होती. मला आमच्या मळ्यातला कोबी आठवला. एकेक पान काढत गेलं तर शेवटी हातात दांडा राहतो, आणि दांडा कुठलंही गिऱ्हाईक घेत नाही. एवढी शिकली-सवरलेली माणसं दांड्यासाठी गर्दी करून बसलीत, याचं मला नवल वाटलं.

मग त्यांनी दोरीची गोष्ट सांगितली. अंधारात वाटेवर दोरी पडलेली असते, माणसाला साप दिसतो, तो घाबरून पळतो. दिवा आणला की कळतं, साप कधी नव्हताच. जग असं आहे, म्हणाल्या. मला राहवेना. मी हात वर करून उभी राहिले.

"बाई, तुम्ही एकाच चुकीबद्दल सांगता. आमच्या मळ्यात विहिरीजवळ दोरी समजून माझ्या चुलत्यानं हात घातला, तर घोणस निघाली. दोरीला साप म्हणणारा फार तर पळत सुटतो. सापाला दोरी म्हणणारा मरतो."

नवऱ्यानं मान खाली घातली. बाई मात्र चष्म्यावरून माझ्याकडे बघत हसल्या. "मग चुलत्यानं काय करायला हवं होतं?"

"दिवा आणायला हवा होता."

"मीही तेच म्हणतेय," त्या म्हणाल्या. "बस."

उत्तर चोख होतं. आणि चोख उत्तर देणाऱ्या माणसाचा मला लहानपणापासून संशय येतो. बाजारात तराजूचा काटा चुटकीसरशी थांबवून दाखवणारा व्यापारी हमखास वजनात मारायचा.

पुढच्या गुरुवारी मी त्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले. याचं मन वळवलं कुणी, कसं आणि कशासाठी, ते शोधून काढायचंच असं ठरवलं होतं. सगळ्यात आधी देणगीची पेटी शोधली. नव्हती. बाईंचा फोटो, पादुका, ताईत असलं काही विकायला ठेवलंय का पाहिलं. तेही नाही. चहासुद्धा त्या स्वतःच करून द्यायच्या. या सगळ्यानं माझा संशय कमी होण्याऐवजी वाढला. फुकट काय मिळतं या जगात? मी चार प्रश्न जास्तच विचारायचे. सगळं एकच असेल तर चोर आणि पोलीस एकच का? जग खोटं असेल तर तुम्ही दाराला कडी का लावता? बाई कधी चिडल्या नाहीत. कडीच्या प्रश्नावर म्हणाल्या, "स्वप्नातली तहान स्वप्नातल्याच पाण्यानं भागते. कडी असल्याशिवाय मांजर दूध ठेवत नाही माझं." लोक हसले. मीही हसले आणि हसले म्हणून स्वतःवर वैतागले.

त्या वर्गातलं काहीतरी माझ्याही अंगाला चिकटत होतं, हे मला शाळेत कळलं. एका पालकानं माझ्याशी उद्धटपणा केला. मी संतापले, आणि ऐन संतापात मनात आलं, हा राग मला दिसतोय की. दिसतोय म्हणजे बघणारी मी रागाच्या जरा बाजूला उभी आहे. एवढं मनात येईपर्यंत राग विझूनही गेला. तो पालक काही न ऐकताच सुटला. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. चांगला तापलेला राग त्या म्हातारीनं माझ्याकडून काढून घेतला होता. पण त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत बसले होते आणि मला बरं वाटत होतं, हेही खरं. का बरं वाटतंय ते कळत नव्हतं. ज्याचं कारण कळत नाही त्या बरं वाटण्यावर विश्वास ठेवायची मला सवय नाही.

त्या वर्षी सिंहस्थ होता. तपोवनात साधूंसाठी तंबू ठोकत होते, गंगेवरचे घाट धुऊन काढत होते, जिकडेतिकडे रस्ते खणलेले. आणि माझा नवरा मला फ्यूज बदलायला शिकवत होता.

"ये, बघ, तार इथं अशी गुंडाळायची." मी शिकले. मग गॅसचं सिलिंडर लावायला शिकवलं. मग स्कूटर. कॉलनीच्या मैदानावर माझ्यामागे धावत, "क्लच सोड, हळू सोड" असं ओरडत त्यानं मला गाडी शिकवली. शेजारणी म्हणाल्या, काय नशीब काढलंस बाई. एका संध्याकाळी त्यानं आपले दोन चांगले सदरे शेजारच्या वॉचमनला देऊन टाकले. त्यातला एक मी दिवाळीला घेतलेला. "घालत नाही मी ते," म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. बायकोला फ्यूज बदलता यावा, गाडी चालवता यावी, असं ज्या पुरुषाला एकदम वाटायला लागतं, त्यानं स्वतः कुठे जायचं ठरवलंय?

आम्हाला मूल नव्हतं. लोक म्हणायचे, तुम्हाला काय, पाश नाहीत मागे. त्याला घरी बांधून ठेवणारी गाठ असलीच तर एकटी मी होते, आणि एका गाठीचा काय भरवसा?

एकदा वर्गात संन्यासाचा विषय निघाला. सिंहस्थात त्र्यंबकला दीक्षा देतात, बाई सांगत होत्या. त्याआधी माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतःच घालतो, स्वतःच्या नावानं पिंड देतो. घरच्यांच्या लेखी तो गेला. पुढे कुणी त्याला जुन्या नावानं हाक मारायची नाही, त्यानं ओ द्यायची नाही. मी शेजारी पाहिलं. नवरा पूर्वी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचा तितकं मन लावून ऐकत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ घरी आला. तो पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचा आणि परतताना गंगेवरून यायचा. चहा पिता पिता म्हणाला, "ताई, दाजी दिसले काल रामकुंडावर. गुरुजींपाशी लय वेळ उभे व्हते. पिंडाला काय काय लागतं ते इचारत व्हते. कोन गेलं गं तुमच्याकडं?"

कोणीच गेलं नव्हतं. सासू-सासरे दोघंही घोटीला ठणठणीत होते, सासरे अजून स्वतः भाताच्या खाचरात उतरायचे. आणि बाप जिवंत असताना मुलगा पिंडाला हात लावत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मग माझा नवरा कुणाचा पिंड विचारत होता? भावानं पुन्हा विचारलं, "नाय गेलं ना कोनी?" मी "नाही" म्हणाले आणि त्याला बिस्किटं आणायला आत गेले. ओट्याला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक बाईंकडे गेले. त्या व्हरांड्यात मेथी निवडत होत्या.

"माझ्या नवऱ्याला काय शिकवलंत तुम्ही?"

"तुला शिकवलं तेच."

"मग तो जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध घालायला का निघालाय?"

बाईंनी मेथी बाजूला ठेवली. "माझ्याकडे आला होता विचारायला. मी सांगितलं, बायकोचा होकार घेऊन ये. तिला टाकून, तिला फसवून हे करता येत नाही, ही जुनी रीत आहे. त्यालाही बरेच दिवस झाले." त्या थांबल्या. "तुला विचारलं नाही त्यानं?"

"नाही."

"म्हणजे भितो तुला." त्या चक्क हसल्या. "इथं बसून सगळं एकच म्हणतो, आणि घरी एका बाईला प्रश्न विचारायला घाबरतो. अगं, भ्यायला समोर दुसरं कोणी लागतं. त्याच्या लेखी अजून तू आहेस आणि तो आहे. चांगले दोघं आहात."

ही मला धीर देतेय की खेळवतेय, ते मला कळेना. म्हणाले, "मग जाऊ नको म्हणून सांगा त्याला. तुमचं ऐकेल."

"ते मी सांगणार नाही. मला त्याचं जाणंही नको आणि राहणंही नको. प्रश्न तुला आहे, तर उत्तरही तुझं."

इतका राग आला मला! या खेपेला तो राग बघत बाजूला उभं राहायला कोणीच शिल्लक नव्हतं. मी चपला घातल्या आणि फाटक उघडं टाकून निघून आले.

घरी मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तर नको होतं. तो "ऐकतेस का" म्हणाला की मी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठायचे, दुधाचं निमित्त काढायचे. बाईंवर राग होता तरी वर्ग मी सोडला नव्हता; गुरुवार-रविवार शेजारी शेजारी बसून आम्ही आत्म्याबद्दल ऐकत होतो, आणि एकमेकांना ताकास तूर लागू देत नव्हतो.

श्रावणात माझ्या माहेरी टोमॅटोची बांधणी निघते. बांबू रोवून तारा ओढलेल्या असतात आणि वाढलेली झाडं सुतळीनं तारेला बांधत जायची. आमच्या घरी हे जोडीनं करतात. सरीच्या, म्हणजे झाडांच्या ओळीच्या, अलीकडे एक माणूस, पलीकडे एक. पलीकडच्यानं फांदी उचलून धरायची, अलीकडच्यानं गाठ मारायची, आणि सुतळीचा गुंडा पानांखालून इकडून तिकडे द्यायचा. एकट्यानं बांधायला गेलं तर फांदी मोडते. मध्ये झाडं इतकी दाट असतात की पलीकडच्याचं तोंड दिसत नाही, नुसते हात दिसतात. लग्न झाल्यापासून दर वर्षी एक रविवार आम्ही दोघं हे काम करत आलो होतो. त्या वर्षी तो येईल की नाही अशी मला धास्ती होती. पण आला.

दुपारपर्यंत दोघांचे हात टोमॅटोच्या पाल्यानं काळे-हिरवे झाले होते. अर्धी सरी झाली असेल.

"ऐकतेस का?" पलीकडून आवाज आला.

इथं ना कुकर होता ना दूध. "हं," म्हणाले.

"मी गेलो तर चालेल का तुला?"

त्यानं ही जागा का निवडली ते मला लगेच कळलं. माझं तोंड दिसणार नव्हतं. माझ्या हातात गाठ अर्धी होती. इतके महिने त्या सतरंजीवर बसून जे जे ऐकलं होतं ते सगळं माझ्या जिभेवर आलं.

"जाणार कोण?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तुमचा देह जाणार का? तो तर तुम्ही नाहीच म्हणता. आत्मा जाणार? तो कुठं येत नाही, जात नाही, गेल्याच रविवारी बाई म्हणाल्या. मग त्र्यंबकला जायला उरलं कोण? तेवढं सांगा, मी आत्ता होकार देते."

त्याच्या हातात फांदी तशीच धरलेली. त्या हाताकडे बघत मी गाठ पुरी केली. पुढचं झाड बांधून होईपर्यंत मला आपण जिंकल्यासारखं वाटत होतं. मग सगळी हुशारी कुठल्या कुठे गेली.

"ते राहू द्या," मी म्हणाले. "कोण जातं न् कोण राहतं, मला काही कळत नाही. मला भीती वाटते. तुम्ही मला पाहिजे आहात. देह, मन, जे काय असेल ते सगळं पाहिजे. मी नाही म्हणते. विचारलंत ना? माझं उत्तर नाही."

मग तो "बरं" म्हणाला, आणि पानांखालून सुतळीचा गुंडा माझ्याकडे आला.

संध्याकाळी विहिरीवर आम्ही कच्चे टोमॅटो चोळून हातांचे डाग काढले. दोघांपैकी कोणी त्यावर पुन्हा बोललं नाही.

सिंहस्थाची गर्दी आली आणि ओसरली. मिरवणुका निघाल्या तेव्हा मी मिरवणूक बघितलीच नाही, मिरवणूक बघणाऱ्या नवऱ्याला बघत होते. तो रोज पाळीला जायचा, वेळेवर यायचा. गुरुवारी आम्ही वर्गाला जायचो. मी अजूनही तिथं बाईंची चूक शोधत होते आणि ती सापडत नव्हती. सगळं ठीक होतं म्हणायचं. पण मी मधूनच अळणी भाजी वाढत होते, आणि तो मुकाट्यानं खात होता.

तेव्हा मला नवीनच भीती वाटायला लागली. मी नाही म्हणाले म्हणून हा राहिला, पण राहिलं काय? देह मी अडवून ठेवला. बाकीचा माणूस त्या दिवशी सरीच्या पलीकडूनच निघून गेला असेल तर? त्याला कसं विचारायचं, तुम्ही आहात का म्हणून? आणि तो "आहे" म्हणाला तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

दसरा होऊन गेला होता. आईनं मळ्यातली वांगी पाठवली होती, त्यांची भाजी केली. त्या दिवशी मला कसलीही परीक्षा घ्यायची नव्हती. दोनदा चाखून मीठ घातलं होतं. तो बसला, पहिला घास घेतला आणि थांबला.

"मीठ कमी आहे," म्हणाला.

मी बघतच राहिले.

"माळ्याच्या पोरी, तुझ्या बापाच्या मळ्यात मीठ पिकत नाही म्हणून काटकसर करतेस का?"

मी माझ्या ताटातला घास घेतला. मीठ बरोबर होतं. अगदी काट्यावर. केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला ते कळत नव्हतं असं होणार नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, भाकरी मोडत होता. इतके महिने माझ्या अळणी भाज्या त्याला कळत होत्या. मी समोर बसून काय शोधतेय तेही कळत होतं. पहिल्यापासून की त्या बांधणीच्या रविवारपासून, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

मी बरणी काढली आणि चिमूटभर मीठ त्याच्या भाजीवर घातलं. माझे डोळे भरून आले होते, पण मी ते पुसले नाहीत. त्यानं भाजी कालवली आणि ती खारट भाजी भाकरीनं ताट पुसून सगळी संपवली.

"उद्या नीट चाखून कर," म्हणाला, आणि हात धुवायला उठला.